मांत्रिकाचे पारडे

“या वहीतील खेळात मांत्रिकाच्या पात्राची शक्ती मुद्दाम कमी करण्यात आली. वहीचे कर्ते कांबळे यांच्या मनात एका वकील खेळाडूविषयी जुना सल होता आणि तो त्यांनी या नियमाच्या रूपाने बाहेर काढला, असे त्या वेळचे सहकारी सांगतात.”

तो वकील खेळाडू मी. आमच्या वाचनालयाने आप्पा कांबळे यांची जाड पुठ्ठ्याची वही काचेच्या कपाटात मांडायचे ठरवले आहे आणि वरील मजकूर छापून तिच्याखाली लावायचा आहे. त्याचा कच्चा कागद माझ्याकडे अवलोकनार्थ पाठवण्यात आला. मी अवलोकन केले. ‘त्या वेळचे सहकारी’ म्हणून जे आहेत ते प्रत्यक्षात एकटे प्रभाकर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, माझे चाळीस वर्षांचे स्नेही. आणि ज्या दुपारविषयी ते सांगतात, त्या दुपारी ते नंदगडला एका लग्नाच्या पंक्तीत बसले होते.

सल म्हणजे कसला, ते प्रभाकर लिहीत नाहीत. लिहिण्याची गरज नाही. बेळगावात ते न लिहिता कळते. आप्पांचे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मजूर होते. माझे आजोबा वकील, वडील वकील, मी वकील. एवढे ठाऊक असलेला माणूस उरलेली गोष्ट मनाने पुरी करतो आणि आपल्याला फार समजते असे मानतो. या मजकुरात मला अन्याय सोसलेला सज्जन ठरवण्यात आले आहे. ती सहानुभूती मी परत करतो आहे, कारण तिची किंमत आप्पांच्या नावातून वसूल होणार आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासले, त्याच्या नावाखाली ‘याचा स्वतःचा तराजू खोटा होता’ अशी चिठ्ठी लागता कामा नये. माझ्या हयातीत तरी नाही.

आप्पांची मुलगी सुजाता आज दूरच्या गावी डॉक्टर आहे. तिचा फोन आला. म्हणाली, “काका, तुम्हीच लिहा. मी लिहिलं, तर मुलीनं बापाची बाजू घेतली म्हणतील.” तिचे बरोबर आहे. म्हणून लिहितो.

आप्पा वजनमाप निरीक्षक होते. मी त्यांना प्रथम पाहिले ते निपाणीच्या कोर्टात, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याचा तराजू त्यांनी खोटा ठरवला होता आणि मी त्या व्यापाऱ्याचा वकील होतो. उलटतपासणीची मला तेव्हा घमेंड होती, आजही आहे.

“तराजू रिकामा असताना काटा मधोमध होता, हे खरे?” मी विचारले.

“व्हय.”

“म्हणजे तराजू बरोबर होता.”

“रिकामा असतोय तोवर सगळ्यांचाच बरोबर असतोय, वकीलसाहेब.”

कोर्टात हशा पिकला. मग न्यायाधीशांच्या परवानगीने त्यांनी तो तराजू टेबलावर मांडला. खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला, कारण पितळी वजनाला ते उघड्या हाताने कधीही स्पर्श करीत नसत. हाताच्या घामानेही वजन बदलते असे त्यांचे म्हणणे. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजने. काटा मधोमध. मग त्यांनी माल वजनांच्या जागी आणि वजने मालाच्या जागी ठेवली. पारड्यावर हलकेच फुंकर मारून ते मागे सरकले. दांडीचा एक हात लांब होता, ती एका बाजूला कलली ती कललीच. मी बोलायला तोंड उघडले, तसे ते शांतपणे म्हणाले, “काटा थांबू दे. मग बोला.”

काटा थांबला. मी तो खटला हरलो. मी हरलेले खटले सहसा सांगत नाही. हा सांगतो, कारण तो पुरावा आहे. सल उरतो तो हरलेल्याच्या मनात. त्या दिवशी जिंकले आप्पा होते.

जिन्यावर ते माझी वाट पाहत थांबले होते. “तुमी चांगलं विचारलं,” म्हणाले. “चुकीचं विचारलं, पण लई चांगलं विचारलं.” आणि मला चहाला घेऊन गेले.

पुढे त्यांची बदली बेळगावला झाली. पिरनवाडीला त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले, पुढे ओसरी. ऐंशी साल उलटल्यावर त्या ओसरीवर आमचा रविवारचा खेळ सुरू झाला. आणला होता बसूने. बसवराजचे पहिल्या रेल्वे फाटकाजवळ सायकलचे दुकान. घरात कानडी, आमच्याशी मराठी. त्याचा मेहुणा बोटीवर इंजिनियर होता. त्याने विलायतेतून एक खोका आणला, त्यात इंग्रजी पुस्तिका आणि चित्रविचित्र फासे: चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. खेळ असा की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि एकाने पंच व्हायचे. पंच सांगतो, “समोर गुहा आहे, आत काहीतरी हलते आहे.” आपले पात्र काय करील ते आपण सांगायचे, ते साधले की फसले, हे फासा सांगतो. पट नाही, हारजीत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढेच.

पंच कोण, यावर चर्चाच झाली नाही. आप्पांनी पुस्तिका घरी नेल्या, महिनाभरात त्यांचे मराठी करून जाड वहीत उतरवले आणि मग फासे तपासायला घेतले. काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी केले, त्यात एकेक फासा तरंगत ठेवला, बोटाने चाळीसदा फिरवला आणि प्रत्येक वेळी कोणती बाजू वर आली ते टिपून ठेवले. एका फाशाची तीच बाजू पुन्हा पुन्हा वर येऊ लागली. “ह्यो एका अंगानं जड हाय,” असे म्हणून त्यांनी तो बाजूला काढला. बसू कळवळला, “आप्पा, मेव्हण्यानं सातासमुद्रापलीकडनं आणलाय!” आप्पा म्हणाले, “मग लांबनं आलेला खोटा हाय म्हण.”

पात्रे अशी वाटली गेली. बसू ढालकरी, सर्वांच्या पुढे उभा राहणारा. प्रभाकर चोर, म्हणजे कुलपे उघडणारा. सुजाता त्या वेळी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती वैदू, जखमा बऱ्या करणारी. मी मांत्रिक. सोंगट्या घरगुती होत्या. ढालकरी म्हणजे बसूच्या दुकानातला लोखंडी नट, चोर म्हणजे शर्टाची गुंडी, वैदू म्हणजे चिंचोका आणि मांत्रिक म्हणजे निळी काचेची गोटी. ती गोटी टेबलावर एका जागी कधी राहत नसे. खेळ थांबवून तिला पायापायांतून शोधावे लागे, आणि ती सापडेपर्यंत चुरमुऱ्यांचे ताट रिकामे होई.

आता मूळ मुद्दा. या खेळात मांत्रिक सुरुवातीला इतका दुबळा असतो, की मांजराने पंजा मारला तरी आडवा व्हावा. दिवसाला एक मंत्र, तो संपला की नुसते ओझे. पण जसजसा अनुभव वाढतो तसतसे मंत्र वाढतात, आणि वर्षभरात चित्र पालटते. मला कुलूप उघडण्याचा मंत्र मिळाला आणि प्रभाकरांचा चोर बेकार झाला. मला झोपवण्याचा मंत्र मिळाला आणि बसूला ढाल उचलायचे कारण उरले नाही. पुढे आगीचा गोळा मिळाला, आणि मग खरे सांगायचे तर मी एकटाच खेळत होतो. एखादे संकट आले की मी म्हणायचो, “तुम्ही निवांत बसा. हे माझ्यावर सोडा.” मी ते औदार्याने म्हणत असे. आपण औदार्य दाखवतो आहोत असे ज्याला वाटते, त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आप्पांना दिसत होते. त्यांनी पहिला उपाय केला तो साफ चुकला. आणि तो चुकला हे प्रभाकर सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. नियम असा: मंत्र म्हणायचा तर मांत्रिकाने खरोखरच एक पाढा मोठ्याने म्हणून दाखवायचा. झोपेला दिडकी, कुलपाला अडीचकी, आगीला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. एक चूक झाली की मंत्र फुकट. त्यांच्या खात्यातल्या शिस्तीप्रमाणे, ज्याचा तराजू तपासला त्याची सही घ्यायची. म्हणून त्या दिवशी ज्याच्या हातात ते पात्र असेल त्याने नियमाखाली ‘मान्य’ लिहून सही करायची. मी सही केली, मनात हसत. आमच्या घरी रोज संध्याकाळी आजोबांसमोर पाढ्यांचा परवचा होत असे. सात औट साडेचोवीस, आठ औट अठ्ठावीस, नऊ औट साडेएकतीस. श्वास न घेता मी औटकी म्हणून टाकली आणि सहा राक्षस जाळले. प्रभाकरांनी टाळ्या वाजवल्या. बसूने मान खाली घातली.

आप्पांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी पट्टी घेतली आणि त्या नियमावर सरळ रेघ ओढली.

“का हो आप्पा? मांत्रिकावर बंधन तर आले की,” मी म्हणालो.

“न्हाय आलं. ह्यो नियम मांत्रिकाला तोलत न्हाय, वकीलसाहेब. त्याच्या घराला तोलतोय. मला औटकी कुणी शिकवली न्हाय, बसूलाबी न्हाय. चूक माझी झाली.”

ज्याच्या मनात सल असतो, तो माणूस इतक्या सहज ‘चूक माझी झाली’ म्हणतो काय, हे वाचकांनी ठरवावे. मी पन्नास वर्षे साक्षीदार पाहिले आहेत. मला असा दुसरा आठवत नाही.

त्यानंतरच्या रविवारी बसू उठलाच. राक्षस झोपले होते, दार उघडले होते, आणि त्याने आपला नट उचलून खिशात टाकला. “वकीलसाब, माझं काय काम हाय हितं? दार तुमी उघडताय, झोपवताय तुमी, जाळताय तुमी. मी ढाल घेऊन तुमच्या मागनं जत्रंत फिरल्यागत फिराय लागलोय. एवढ्या वेळात दुकानात दोन पंक्चर निघत्यात.” मी काहीतरी विनोद केला. कोणी हसले नाही.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आप्पा मला घेऊन त्याच्या दुकानी गेले. बसू चाकाचा आउट काढत बसला होता. चाक फिरवायचे, कुठे लचकते ते पाहायचे, तार आवळायची. आप्पा त्याच्याजवळ उकिडवे बसले.

“एका जागीच आवळत ऱ्हायलं तर काय हुतंय रं?”

“चाक वाकडं हुतंय की. बाकीच्या तारा ढिल्या पडत्यात.” बसूने एक ढिली तार बोटाने वाजवून दाखवली. “मी ही झालोय बघा, आप्पा.”

“मग ती आवळलेली तार काढून टाकू म्हणतोस?”

बसूने वर पाहिले. “तसं कसं? तीबी पायजेच की.”

“मग रविवारी ये. मांत्रिकाला मी हात लावणार न्हाय. पारडी बदलणार हाय.”

मी तिथेच उभा होतो. ‘मांत्रिकाला हात लावणार नाही’ हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत.

त्या रविवारी प्रभाकर नंदगडला होते. ओसरीवर आप्पा, सुजाता, बसू आणि मी. चोराची गुंडी बाजूला ठेवून आप्पांनी तीन चिठ्ठ्या स्टीलच्या पेल्यात टाकल्या. “जे पात्र येईल ते घ्यायचं. चार रविवार आपलं म्हणून खेळायचं.” आम्ही चिठ्ठ्या उघडल्या. आप्पा चिठ्ठ्यांकडे पाहतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे पाहत होते. माझ्या हातात ढालकरी आला. मांत्रिकाची चिठ्ठी कुणाला गेली, ते मी योग्य जागी सांगेन. आपला पुरावा केव्हा मांडायचा हे ठरवण्याचा अधिकार वकिलाला असतो.

गोष्ट एका नाक्याशी आली होती, अगदी कोगनोळीच्या नाक्यासारखा आडवा दांडा, आणि पलीकडे पहारेकऱ्यांची पलटण. मी ढाल सरसावून पुढे झालो. मांत्रिकाने एक मंत्र टाकला, पलटण झोपली. मी दांडा उचलायला गेलो. मांत्रिकाने दुसरा मंत्र टाकला. दांडा आपोआप उचलला गेला. मी म्हणालो, “निदान मला पुढे तर जाऊ द्या.” तेव्हा माझेच वाक्य माझ्या तोंडावर आले: “तुम्ही निवांत बसा. हे माझ्यावर सोडा.”

तोवर फासा माझ्या हातात दोनदाच आला. चुरमुरे मात्र पुष्कळ खाल्ले. बसूने माझ्यापुढे ताट सरकवले आणि अगदी मायेने म्हणाला, “खावा, वकीलसाब. ढालकऱ्याला दुसरं काय काम नसतंय.” मी पहिल्यांदा मनापासून हसलो, आणि हसताना मला लाज वाटली.

आप्पांनी खेळ थांबवला. म्हणाले, “मघा चिठ्ठ्या उघडल्या, तवा एकाचंच तोंड पडलं. ढालकरी आला त्याचं. काटा बघण्यात हयात गेली माझी, तेवढं कळतंय. ज्याची चिठ्ठी उघडून कुणाचंच तोंड पडत न्हाय, त्यो तराजू खरा.”

“मग मांत्रिकाचे मंत्र कमी करा,” मी म्हणालो. होय, हे मी म्हणालो. मजकुरात हेही नाही.

“कशाला कमी? खेळात जादूच न्हाय ऱ्हायली तर ह्यो खोका उघडला कशाला?” असे म्हणून त्यांनी रुमालाने ती निळी गोटी उचलली आणि टेबलावर ठेवली. ती घरंगळू लागली. त्यांनी ती पुन्हा उचलली आणि या वेळी बसूच्या नटावर, त्याच्या भोकावर ठेवली. गोटी जागच्या जागी बसली. आप्पा म्हणाले, “हां. थांबली.”

आणि त्यांनी वहीत नियम लिहिला. मंत्र मोठा असो की लहान, तो पुरा व्हायला तीन फेऱ्या लागतील. त्या तीन फेऱ्या मांत्रिकाला जागा सोडता येणार नाही, स्वतःला वाचवता येणार नाही. तेवढा वेळ समोरचे संकट ज्याने अंगावर घेतले, त्याच्या फाशावर मंत्र जगेल किंवा मरेल. मंत्र एकही कमी झाला नाही. उलट शेवटी एक ओळ आहे, ती प्रभाकरांनी वाचली असती तर बरे झाले असते: ‘ढालकरी उभा राहिल्यास मंत्राचा परिणाम दुप्पट धरावा.’ याला शक्ती कमी करणे म्हणतात काय?

नियम त्याच दुपारी लागू झाला. मांत्रिकाने आगीचा मंत्र सुरू केला. मी ढाल घेऊन समोर उभा राहिलो. पहिली फेरी तरलो, दुसरी तरलो, तिसऱ्या फेरीत माझा फासा वाईट पडला आणि मंत्र ओठांवर अर्धा राहिला. मांत्रिक घायाळ झाला. “आप्पा, हे आजच का?” अशी तक्रार झाली. आप्पा म्हणाले, “काटा थांबू दे. मग बोल.” मग वही पुढे सरकवली, ‘मान्य’साठी.

चार रविवार संपले. मांत्रिक माझ्याकडे परत आला आणि प्रभाकरही लग्नसराई आटोपून परतले. त्यांनी पाहिले ते असे: मांत्रिक माझ्या हातात आहे आणि त्याला नवा नियम लागू आहे. यावरून त्यांनी जी गोष्ट रचली, तीच चाळीस वर्षांनी कपाटात लागू पाहते आहे. डोळ्यांसमोर घडूनही त्यांनी जे पाहिले नाही ते त्याच महिन्यातले सांगतो. एका पडक्या किल्ल्याच्या दारात बसू तीन फेऱ्या एकटा उभा राहिला. फासे इतके वाईट पडत होते की सुजाताने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या फेरीला तो जेमतेम तरला आणि ओरडला, “वकीलसाब, आता म्हणा!” मी मंत्र पुरा केला. इतका मोठा जाळ आमच्या खेळात पूर्वी कधी झाला नव्हता, आणि तो कुणाचा, हे त्या ओसरीवर कुणालाच सांगता आले नसते. बसू ढालकरी पुढे सहा वर्षे खेळला. त्याने ते पात्र कुणाला दिले नाही. आज त्याची नात आपल्या मैत्रिणींना घेऊन तोच खेळ खेळते, त्याच नियमाने, आणि ढालकरी कोणी व्हायचे यावर त्यांची भांडणे होतात असे कळते.

आप्पांना मी शेवटचे पाहिले ते त्याच ओसरीवर. डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. भाजीवाली हातातल्या तराजूने वांगी तोलत होती. आप्पा म्हणाले, “आक्का, जरा पारडी बदल की.” ती हसली. “रोज काय आज्जा तुमचं!” तिने वांगी इकडची तिकडे केली. आप्पा पुढे वाकले, पारड्यावर फुंकर मारली, आणि दिसत नसताना काट्याकडे बघत राहिले. मी बोलायला गेलो, त्यांनी हात वर केला. काटा थांबल्यावर तिने सांगितले, “बरोबर हाय.” त्यांचा चेहरा उजळला, जणू जगात एक गोष्ट आणखी ठीक झाली. मागे खिडकीत तो नट होता आणि त्यावर निळी गोटी.

आता प्रभाकरांसाठी. आपण नियम वाचलात, प्रभाकर. सही वाचली नाहीत. वही कपाटात जाण्यापूर्वी ते पान उघडावे. ज्या दुपारी तो नियम लिहिला आणि लागू केला, त्या दुपारी मांत्रिक माझ्या हातात नव्हता. त्या नियमाखालचे ‘मान्य’ आणि सही आप्पांच्या स्वतःच्या मुलीची आहे.